सुकटवाल्या काकीचा सव्वा रुपया

आधीच सांगते, माझे अक्षर चांगले नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढे हातात पेन आले ते सहीपुरते. कुठली वेलांटी कुठे द्यायची यात माझा नेहमी गोंधळ होतो, तेव्हा चुकले असेल ते माफ करावे. कोणी माफ करावे हे मलाही माहीत नाही, कारण हे मी कोणाला दाखवणार नाही. मुलीच्या जुन्या वह्यांची मागची पाने कोरी राहिली होती, ती रद्दीत द्यायला जीव होईना. शिवाय काकीबद्दल कोणी विचारले की माझ्या तोंडून दोन वाक्येही धड निघत नाहीत. लिहिताना समोर कोणी बसलेले नसते, ते बरे असते.

काकी गेली त्याला आता वर्ष होत आले. झोपेत गेली. दहाव्याला नदीवर तिच्या भावकीतल्या एका म्हाताऱ्याने रीतीप्रमाणे विचारले, "मयताकडं कोणाचा काय देणा ऱ्हायला आसंल तर आत्ताच सांगा."  मग मागून कोणीतरी फिसकन हसले, आणि बघता बघता सगळा काठ हसायला लागला. विचारणारा म्हाताराही हसला. काकीकडे कोणाचे देणे!

ती आमची घरमालकीण. माझे माहेर शहापूर तालुक्यातले. नवऱ्याला मुरबाडच्या कारखान्यात काम लागले तेव्हा आम्ही धसईजवळ तिच्या गावात राहायला आलो. तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आमच्याकडे भाड्याने होत्या. तिला नवरा नव्हता, मूलबाळ नव्हते. धसईच्या बाजारात ती सुकी मासळी विकायची. बोंबील, जवळा, सुकट, मांदेली. म्हणून गाव तिला सुकटवाली काकी म्हणायचे. तो वास तिच्या अंगाला कायमचा लागलेला होता. दोन मांजरे सदा तिच्या मागेपुढे असायची. काकी वळणावरून दिसायच्या आधी मांजरे दिसायची, आणि ती दिसली की ओट्यावर बसलेली बापये मंडळी बिड्या विझवून सरळ बसायची.

मला ती 'मुके' म्हणायची. मी फारशी बोलत नसे म्हणून. पहिल्या महिन्याचे भाडे घेऊन मी गेले ते दिवेलागण उलटून गेल्यावर. काकी ओट्यावर काळोखात बसलेली.

"काकी, लाइट गेली का?" मी विचारले.

"लाइट हाय. मी लावली नाय."

"का?"

"तू भाडा देल्याबिगर कशी लावू? देणाघेणा दिव्याच्या आत मिटला पायजे. तुज्यापायी मी इथं काळोखात मच्छर मारतेय गो मुके."

त्यानंतर मी दर महिन्याला दुपारीच भाडे द्यायची.

उधारी हा शब्द काकीसमोर काढायचा नाही. बाजारात कोणी नवखे गिऱ्हाईक म्हणाले, "काकी, पैसे पुढच्या बाजाराला देतो," की ती त्याच्या पिशवीतले बोंबील परत पाटीत ओतायची आणि म्हणायची, "मासा सुकतो रे बाबा, उधारी सुकत नाय." पण रोख देणाऱ्याला मापावर मूठभर जवळा जास्त घालायची. कोणी म्हणू नये की काकीने कमी दिले. तेही तिला देणेच वाटायचे.

एकदा टोकावड्याहून येताना तिच्याकडे सुट्टे कमी पडले. कंडक्टर म्हणाला, "राहू दे काकी, दोन रुपये पुढच्या खेपेला दे." काकी घरी आली ती जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीच्या वेळेला फाट्यावर रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. गाडी थांबली, काकी चढली, दोन रुपये दिले आणि उतरली. ड्रायव्हरने विचारले, "काकी, यायचं नाय का?"

"कामधंदा नाय काय मला?" काकी म्हणाली.

पुढे एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले. आम्ही सगळ्या खूश. काकीने मात्र भर गाडीत भांडण काढले. "अर्धा कशाला? मी काय अर्धी बसलेय? सगळीच्या सगळी बसलेय ना? वर पाटी पन हाय." कंडक्टरने हात जोडले, पण त्याच्या मशीनमधून तिचे पूर्ण तिकीट काही निघेना. शेवटी त्याने पाटीचे म्हणून सामानाचे तिकीट फाडले, तेव्हा काकी गप्प झाली. मांजरे गाडीत चढत नसत, नाहीतर तिने त्यांचेही काढले असते.

अशा बाईला सरकारचे फुकट औषध मिळाले, तिथून पुढची सगळी गंमत. गंमत म्हणते आहे, पण तेव्हा माझ्या तोंडचे पाणी पळाले होते.

गावात उपकेंद्र आहे. तिथे मला झाडलोटीचे आणि पाणी भरण्याचे काम मिळाले होते. तिथे डॉक्टर नसतो, सिस्टर असते. शुगर आणि बीपीची माणसे आमच्याकडे पुष्कळ. मुरबाडला दाखवायला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून एकदा जाऊन यायची, गोळ्या संपल्या की विसरून जायची, आणि पाय काळा पडला की मग आठवण व्हायची. पुढे उपकेंद्राला टॅब आला. त्यात डॉक्टरबाई दिसायच्या. त्या बसायच्या लांब, कल्याणच्या बाजूला. सिस्टर बोट टोचून साखर किती ते सांगायची, बाई तिकडून विचारपूस करून गोळ्या ठरवायच्या, आणि सिस्टर त्या कपाटातून काढून द्यायची. पैसे काही नाहीत.

अडचण एकच, रेंज. ती उपकेंद्रात यायची नाही. मागच्या जांभळाखाली यायची, तीसुद्धा टॅब छातीइतका उंच धरला तरच. म्हणून टॅब धरायचे काम माझ्याकडे आले. पेशंट समोर बाकड्यावर, सिस्टर त्याच्या शेजारी, आणि मी टॅबच्या मागे. डॉक्टरबाईंना माझी फक्त बोटे दिसायची. कोणी मला काही विचारत नसे, मी कोणाला दिसत नसे. एवढे चांगले काम मला पुन्हा मिळाले नाही.

काकीला बाजारात चक्कर आली म्हणून सिस्टरने तिचे बोट टोचले, तर साखर भरपूर, आणि बीपीही वर. मग तिला जांभळाखाली आणली. मांजरेही आली.

"नमस्कार आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आजी कोणाला गो? मला पोर नाय तं नातू कुठना? काकी म्हन."

"बरं, काकी. जरा मागे सरकून बसा, मला नुसतं तुमचं कपाळ दिसतंय."

"कपाळच बग. कपाळात काय लिव्हलाय तेच सांगायला बसलीस ना?"

बाई हसल्या. तरुण होत्या, पण हसून झाल्यावर नेमके विचारायच्या. "काकी, सुकी मासळी रोज खाता का? त्यात मीठ फार असतं."

"विकायचा माल मी खात नाय."

"अजिबात नाही?"

"मोडलेला खाते. मोडका बोंबील गिऱ्हाईक घेत नाय."

"रोज किती मोडतात?"

काकीने इकडे तिकडे पाहिले. तिला लाजताना मी तेवढी एकदाच पाहिली. "भाजीपुरता मोडावा लागतो गो," ती म्हणाली.

बाईंनी तिला आठवड्यातून एकदाच, तेही गरम पाण्यात भिजवून, पाणी टाकून खायला सांगितले. सिस्टरने गोळ्या दिल्या. काकीने कनवटीची गाठ सोडली आणि एक रुपया आणि वर एक पावली काढली. चार आण्याचे नाणे बंद होऊन किती वर्षे झाली, पण काकीकडे सासूच्या वेळच्या पावल्यांचा डबा होता.

"हे काय?" सिस्टर म्हणाली.

"डॉक्टरणीचा मान. सव्वा रुपया."

"अहो काकी, हे सरकारी आहे. फुकट असतं."

काकीने नाणी टॅबच्या काचेपुढे धरली. "घे गो."

"नको काकी," बाई काचेतून म्हणाल्या. "मला पैसे घेता येत नाहीत. तुम्ही फक्त गोळ्या वेळेवर घ्या."

काकीने नाणी परत कनवटीला लावली. गोळ्याही घेतल्या, कारण कोणी दिलेले नाकारायचे नाही. पण तिचा चेहरा पडला होता. तो का, हे मला माहीत होते आणि सिस्टरला नव्हते. काकीची सासू काविळीचा पाला द्यायची. शहापूरपासून माणसे यायची. तिचा नियम असा की सव्वा रुपया हातात पडल्याशिवाय पाल्याला हात लावायचा नाही. सासूला पैशाचा लोभ नव्हता, ते पैसे ती दिव्याच्या तेलाला घालायची. पण मान घेतल्याशिवाय दिलेले औषध लागत नाही. एका सावकाराच्या पोराने म्हणे हसण्यावारी नेले, तसाच पाला उचलून नेला, आणि पंधरवड्याने हळदीसारखा पिवळा होऊन सव्वा रुपया घेऊन परत आला. ही गोष्ट काकी इतक्या वेळा सांगायची की त्या पोराचा सदरा कुठल्या रंगाचा होता तेही मला पाठ झाले होते. मला वाटले, जुन्या गोष्टी जुन्यापाशी. सरकारी गोळीला कोण तो नियम लावणार?

दर महिन्याला काकी जांभळाखाली यायची. दर महिन्याला साखर तेवढीच. बाईंनी गोळी वाढवली. पुढच्या महिन्यात तेवढीच. अजून एक गोळी वाढवली. बाई विचारायच्या, "गोळ्यांचा काही त्रास होतो का?" काकी म्हणायची, "गोळ्यांचा कायपन त्रास नाय." बाई कपाळाला हात लावून कागद चाळत बसायच्या.

मग पाटीचा खिळा काकीच्या टाचेत गेला. जखम भरेना. सिस्टर रोज पट्टी बदलायची आणि काही बोलायची नाही, तेच वाईट वाटायचे. त्या महिन्यात बाईंनी टाच टॅबपुढे धरायला सांगितली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "काकी, आता खरं सांगते. साखर अशीच राहिली तर इंजेक्शन सुरू करावं लागेल. आणि जखम वर चढली तर पाय वाचवणं कठीण आहे."

पलीकडच्या पाड्यावरच्या एकाचा पाय गुडघ्याखाली काढला होता. तो दारात बसून राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तंबाखू मागायचा. काकी घरी येताना वाटेत त्याच्या दाराकडे पाहत राहिली. "मुके," ती म्हणाली, "पाय गेला तं पाटी कोन उचलंल? मग काय मागून खाऊ?" मागून खाणे म्हणजे तिच्या लेखी मरणाच्या पुढचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कनवटीला गाठ मारून गावदेवीला गेली. मला वाटले, नवस बोलायला. त्या दिवसापासून मी तिला रोज सकाळी चुलीपुढे बसून गोळ्या गिळताना पाहू लागले. सिस्टरने शेवटी सांगितल्या होत्या तेवढ्या, एकही कमी नाही. मला बरे वाटले. तोवर ती गोळ्या कधी घेते हे मी पाहिलेच नव्हते, हे काही माझ्या लक्षात आले नाही.

पाच-सहा दिवसांनी धसईचा बाजार होता. श्रावण लागला होता. श्रावणात मासळीला कोण विचारतो? पण काकी बाजार चुकवणारी नव्हती. तिचा आणखी एक नेम होता: भवानी झाल्याशिवाय, म्हणजे पहिला माल विकल्याशिवाय, तोंडात घास घालायचा नाही. एरवी तिची भवानी घटकाभरात व्हायची. त्या दिवशी दुपार झाली तरी पाटी भरलेली.

मी भाजी घ्यायला गेले होते. काकीपुढे एक माणूस बोंबील निवडत होता. निवडून झाल्यावर खिसे चाचपून म्हणाला, "काकी, पैसे घरी ऱ्हायले वाटते."

काकी म्हणाली, "ने रे. दे कवातरी."

शेजारची मिरचीवाली ओरडली, "अगो बाय! काकीनं उधारी देली! आज सूर्य कुठं उगवला?" सगळी ओळ हसायला लागली. मला हसू आले नाही.  मी जवळ गेले. काकीला दरदरून घाम सुटला होता. हात थरथरत होते. ती माझ्याकडे पाहत होती, पण ओळख नव्हती. मला तिने तिच्या सासूच्या नावाने हाक मारली.

"चक्कर आली, चक्कर आली," लोक जमले. चहावाल्याने साखरपाण्याचा पेला पुढे केला तर मिरचीवालीने त्याचा हात धरला. "शुगर हाय रे तिला! साखर पाजशील तं मारशील!"

"पन साखर पाजतात चक्करेला."

"बिनशुगरच्याला पाजतात!"

पेला तसाच हवेत राहिला. कोणाला काही कळेना, मलाही कळेना. मी फोन काढून सिस्टरला लावला. ती मिटिंगला मुरबाडला गेली होती. माझे अर्धे वाक्य ऐकूनच म्हणाली, "थांब, बाईंना जोडते." धसईच्या बाजारात रेंज चांगली येते, हे त्या दिवशी देवाने केले. फोनच्या काचेत डॉक्टरबाई दिसल्या. मी सवयीने फोन काकीपुढे धरला आणि मागे लपले.

"कोण आहे तिथे? मला बोलायला माणूस हवंय. समोर या!"

मी फोन फिरवला. पहिल्यांदा बाईंनी माझे तोंड पाहिले. सगळा बाजारही माझ्याकडे पाहत होता.

"घाम आहे? हात थरथरतात?"

"हो."

"सकाळपासून काय खाल्लं?"

"काही नाही. भवानी झाली नाही."

"आणि गोळ्या?"

"सगळ्या घेतल्या. मी पाहिल्या."

"दिलेलं गिळता येतंय ना? मग साखर द्या. आत्ता. तिची साखर वाढलेली नाही, फार उतरली आहे. साखर द्या!"

मिरचीवाली अजून चहावाल्याचा हात धरून होती. मी काय केले ते मला नीट आठवत नाही, लोक सांगतात ते लिहिते. म्हणे मी अशी ओरडले की पलीकडचे बैल बिथरले. "सोड तो हात! साखर दे इकडे!"

"मुकीला वाचा फुटली," कोणीतरी म्हणाले.

मी काकीचे डोके मांडीवर टेकवून घोट घोट करून पेला पाजला. बाई फोनवरून सांगत होत्या, हळू, अजून, अजून थोडं. काही वेळाने घाम थांबला. काकीने डोळे चोळले, आजूबाजूला पाहिले, पाटीत पाहिले, आणि पहिली गोष्ट काय बोलली तर, "हितले बोंबील कोनी न्हेले?"

तो माणूस गर्दीतच होता. बिचारा पळत जाऊन कोणाकडून तरी पैसे घेऊन आला आणि काकीच्या हातात ठेवले. तिने ते कपाळाला लावले. मग माझ्याकडे पाहिले. "साखरेचे पैसे देलेस का चहावाल्याला?"

बाई म्हणाल्या की या गोळ्यांनी साखर पुन्हा उतरू शकते, एकटीला घरी ठेवू नका. म्हणून गाडी बोलावून तिला मुरबाडच्या दवाखान्यात नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर टॅब घेऊन आली, आणि सोबत काकीच्या घरातून एक पत्र्याचा डबाही. काकीनेच तो आणायला सांगितला होता. मी टॅब धरला. सिस्टरने डबा उघडला. आत तांदूळ, आणि तांदळात महिन्यामहिन्यांच्या गोळ्यांची पाकिटे. सादळू नयेत म्हणून तांदळात. सुकटही ती तशीच ठेवायची.

"एक पन वाया नाय घालवली," काकी म्हणाली.

डॉक्टरबाई डब्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे मी गोळ्या वाढवत गेले, आणि तुम्ही एकही घेत नव्हतात?"

"लागनार नाय ती कशाला खाऊ? तू मान घेतला नायस."

"मग आता का खाल्ल्या?"

"पायाचा भ्या वाटला. तुज्या नावानं सव्वा रुपया गावदेवीच्या पेटीत टाकला नि सुरू केल्या." काकीने मान हलवली. "तिथंच चुकला. मान तुजा, घातला देवीला. देवी काय औषद देते? औषद उलटनारच."

"काकी, उलटलं नाही. मी न घेतलेल्या गोळ्यांवर गोळ्या वाढवल्या, त्या तुम्ही एकदम घेतल्या, वर उपाशी. म्हणून साखर उतरली."

"तेच बोलतेय मी. उलटला."

बाईंनी पुष्कळ समजावले. काकी भिंतीकडे तोंड करून बसली. तिला गोळ्या कमी करून नव्याने द्यायच्या होत्या, पण पुन्हा तांदळात गेल्या तर? टाच तशीच होती. शेवटी बाई म्हणाल्या, "काल फोनवर होत्या त्या कुठे आहेत?"

मी टॅबच्या मागून म्हटले, "इथेच आहे."

"तुम्ही त्यांच्या घरात राहता. एक सांगा, काकींना जगात सगळ्यात जास्त काय नको असतं?"

"उधारी," मी म्हणाले.

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "काकी, तुमचा मान मला मान्य आहे. सव्वा रुपया एका खेपेचा. पण तो मी स्वतःच्या हातात घेणार. मी मुरबाडला येईन तेव्हा. तोवर उधार."

काकी गर्रकन वळली. "उधार?"

"औषध आज घ्यायचं, मान मागाहून."

"नि तू येशील त्याच्या आत मी मेले तं?"

"मग माझे पैसे बुडाले."

काकी किती वेळ टॅबकडे पाहत बसली. माझे हात भरून आले. "मुके," ती शेवटी म्हणाली, "पानी आन. गोळी कुठली, ते इचार तिला. मी कोनाचे पैसे बुडवून मरनार नाय."

त्यानंतर काकीने एक गोळी चुकवली नाही, आणि गोळीच्या आधी भाकरी खायला लागली. बाजारच्या दिवशीसुद्धा. भवानीचा नेम मोडला का विचारल्यावर म्हणाली, "डोक्यावर कर्ज असलेल्या मान्साला कसले नेम?" दर महिन्याला जांभळाखाली बसली की पहिला प्रश्न, "कवा येतेस गो? देणा वाढत चाललाय." चुलीच्या वर एका वाटीत ती प्रत्येक खेपेचा सव्वा रुपया टाकायची. रोज गोळी गिळली की त्या वाटीकडे पाहून सुस्कारा सोडायची. साखर उतरत गेली. टाचेची जखम आधी आक्रसली, मग तिच्यावर खपली धरली, आणि एक दिवस तिथे नुसती गुलाबी कातडी राहिली. काकीने ती ओट्यावर बसून अख्ख्या गावाला दाखवली. ज्यांना पाहायची नव्हती त्यांनाही.

गोळ्या चुकवणाऱ्या दुसऱ्या म्हाताऱ्यांना ती रस्त्यात गाठायची. "तुज्या डोक्यावर कर्ज नाय म्हनून माजलायस." त्यातले दोघे-तिघे जांभळाखाली येऊन बाईंना म्हणाले, "आमचा पन उधार ठेवा." बाईंनी ठेवला.

मग एकदा मुरबाडला शिबिर लागले आणि डॉक्टरबाई खरोखर आल्या. काकीने ठेवणीतले लुगडे नेसले. वाटीतले पैसे फडक्यात बांधून कनवटीला लावले. मला म्हणाली, "चल मुके. तू साक्षीदार." एसटीत सामान नसतानाही तिने सामानाचे तिकीट मागितले. कंडक्टर आता शहाणा झाला होता, त्याने न बोलता दिले.

बाई टेबलामागे बसल्या होत्या. काचेत मोठ्या दिसायच्या, खऱ्या अगदी लहानखुऱ्या.

"एवढीशीच?" काकी म्हणाली. "नि मला भ्या घालत होतीस?"

बाई हसत उठल्या. काकीच्या पाया पडल्या. वास लागला असणारच, पण चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी माझे हात हातात घेतले. "चेहरा एकदाच पाहिलाय, पण ही बोटं मी कुठेही ओळखेन." मला कुठे पाहावे कळेना.

काकीने फडके सोडले. मागे ताटकळलेल्या रांगेची पर्वा न करता खेप आठवून आठवून ती बाईंच्या तळहातावर नाणी ठेवू लागली. ही टाचेच्या वेळची. ही दिवाळीतली, रेंज गेलती ती. ही मांजर टॅबवर चढलेला ती. पहिल्या, न खाल्लेल्या गोळ्यांच्या खेपाही तिने धरल्या होत्या. "खाल्ल्या नाय तरी तू इचारपूस केलीस ना?" शेवटची एक खेप राहिली तेव्हा बाईंनी मूठ मिटली.

"काकी, एवढे राहू द्या. उधार."

मला समजले. देणे फिटले की गोळ्या परत तांदळात जातील, ही भीती होती. काकीलाही समजले.

"मला लबाडीनं गोळी चारू नको गो पोरी," ती म्हणाली, पण रागाने नाही. "इतके दिस उधारीवर चालला होता. लागतंय का नाय, रोज धाकधूक. आता मान पोचला. आता खरी गोळी माझी झाली. आपल्या पैशाची वस्तू कोन टाकतो काय?"

"आणि पुढच्या महिन्याचा? मी तर परत काचेत जाणार."

"त्योच घोर हाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. "पुढचा मान हिच्या हातात द्या. त्या टॅबवर मला हिचीच बोटं दिसतात. ती माझीच समजा."

काकीने माझे हात उलटसुलट करून पाहिले, बाजारात बोंबील पाहायची तसे. "हात बरे हायत," ती म्हणाली. "दिव्याच्या आत देत जाईन."

मग तिने बाईंची मिटलेली बोटे एकेक करून उघडली, शेवटचा रुपया ठेवला, त्यावर पावली ठेवली, आणि दोन्ही हातांनी ती मूठ परत मिटवून टाकली.

"फिटला," काकी म्हणाली.